दस्तरखान : वजन सारखे, गोश्त वेगळे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने पत्रातून घरचा एक तंटा पाठवला आहे आणि निवाडा आमच्यावर सोपवला आहे. त्यांचे दोन मुलगे अमेरिकेत, न्यू जर्सीला असतात. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, शाळा-ऑफिसे बंद असतात, म्हणून दोन्ही घरे त्या दिवशी एकत्र जेवतात. मागच्या खेपेला त्या स्वतः तिथे होत्या. मेहमान धरून अठरा माणसे. दोन्ही सुनांनी एकेक टर्की भाजली. दोन्ही १४ पौंडांच्या, म्हणजे सव्वासहा किलोंपेक्षा थोड्या जास्त. मसाला एकाच वाटणाचा, ओव्हन सारखेच. धाकटीच्या टर्कीचे गोश्त रसाळ निघाले आणि पुरून उरले. मोठीच्या टर्कीचा सीना चावता चावेना, आणि हाडे खरवडूनही परात भरेना. मोठीने दुकानात उभे राहून, डोळ्यांसमोर जबह करून आणलेली ताजी टर्की. धाकटीची सुपरमार्केटमधली, हलालचा शिक्का असलेली, दगडासारखी गोठलेली. तरी असे झाले, म्हणजे मोठीच्या हातालाच गुण नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमचे म्हणणे बरोबर ना, असे त्या शेवटी विचारतात.

नाही, बरोबर नाही. त्यांनी पत्रात सहज लिहिलेल्या दोन-तीन गोष्टींवरूनच कळते की मोठ्या सुनेने ओव्हन पेटवण्याआधीच निम्मी गोष्ट ठरून गेली होती. परदेशी असलेल्या आपल्या मुली-सुना आता हा पक्षी दरवर्षी आणतात, तेव्हा या महिन्याचे सदर त्यालाच देतो.

पहिली गोष्ट वजनाची. पाकिटावर जे १४ पौंड लिहिलेले असते ते गोश्ताचे वजन नव्हे. अमेरिकेत अख्ख्या टर्कीच्या पोटात तिची मान आणि पोटा-कलेजी वेगळ्या पुडीत घालून देतात, तीही त्याच वजनात धरलेली असते. मग हाडे, कातडे, चरबी. आणि शिजताना कच्च्या वजनाचा साधारण पाव हिस्सा पाणी व चरबी होऊन जातो. ताटात येते ते साधारण निम्मे, कधी त्याहूनही कमी. हा निम्म्याचा आकडा वर-खाली कशाने होतो, हा खरा प्रश्न.

बकरी ईदला बकरा घ्यायला गेलेला जाणता माणूस नुसता काटा पाहत नाही. तो पाठीवरून हात फिरवतो, कणा बोटांना टोचतो का पाहतो, दात पाहतो. कारण त्याला माहीत असते की जनावराच्या अंगात आधी हाडांचा सांगाडा वाढतो, मग त्यावर गोश्त भरते, आणि चरबी सर्वांत शेवटी धरते. टर्कीचेही हेच. आता असे पाहा : हल्लीच्या जातीचा नर १८ ते २० आठवड्यांत ४० पौंडांच्या आसपास जातो. मादी लहान चणीची. ती १४ आठवड्यांच्या सुमारास बाजारात जायला तयार होते. म्हणजे १४ पौंडांची मादी ही जवळजवळ भरलेली असते, सीना गोल झालेला, कातड्याखाली चरबी धरू लागलेली. १४ पौंडांचा नर मात्र अजून पोरगा असतो. त्याच्या अंगात पुढे ४० पौंड पेलायची हाडे आधीच तयार झालेली असतात, त्यावरचे गोश्त अजून यायचे असते. काट्यावर दोघांचे वजन सारखेच. कापायला घेतले की फरक दिसतो. याच कारणाने एकाच जातीत मोठ्या पक्ष्यात हाडांच्या मानाने गोश्त जास्त भरते आणि अगदी लहान पक्षी तोट्याचा पडतो.

दुसरी गोष्ट जातीची, आणि हा फरक सर्वांत मोठा. आपल्याकडे बॉयलर आणि गावरान कोंबडी यांत जो फरक, तोच तिथे. अमेरिकेच्या दुकानांत आज जी टर्की मिळते ती जवळजवळ सगळी रुंद छातीची पांढरी जात. विसाव्या शतकात निवड करून करून तिचा सीना इतका वाढवला आहे की नर-मादीचा नैसर्गिक संयोगच होत नाही. पिल्ले कृत्रिम रेतनाने होतात. (माणसाला एका गोष्टीचा सोस लागला की तो कुठे थांबतो, असे मनात येतेच.) पिसे पांढरी का, तर सोलल्यावर कोवळ्या पिसांची बुंधे कातड्यात काळी दिसू नयेत म्हणून. जुन्या जाती, जसे काशाच्या रंगाची ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, बोर्बन रेड, आज तिकडे वारसा-जाती म्हणून सांभाळल्या जातात. त्या सावकाश वाढतात, बाजाराच्या वजनाला यायला सुमारे २८ आठवडे घेतात. चालतात, फडफडतात, झाडाच्या फांदीवर चढून बसतात. म्हणून त्यांची रान भरदार, काळसर आणि चवीची. सीना अरुंद आणि मधले हाड वर आलेले.

एक गमतीचा इतिहास सांगतो. अमेरिकेच्या शेती खात्याने मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे १९३० च्या दशकात मुद्दाम एक लहान पांढरी जात तयार करायला घेतली, कारण कुटुंबे लहान होत होती आणि ओव्हनही लहान होते. काही वर्षे ती खूप चालली. मग पालन करणाऱ्यांच्या लक्षात आले की रुंद छातीची मोठी जातच लवकर कापली तर तीही लहान म्हणून विकता येते. बेल्ट्सव्हिलची जात मागे पडली. म्हणून आज दुकानातली लहान टर्की ही बहुधा लहान जातीची नसते, मोठ्या जातीचा कमी वयाचा पक्षी असतो.

या पक्ष्याशी आपली ओळख मात्र आजची नाही. तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडच्या लोकांनी पाळीव केलेला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो गोव्याला आला, आणि १६१२ मध्ये बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या चिजांबरोबर तो दरबारात पोचला. बादशहाने त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग पाहून आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी कुठला याचा घोळ तेव्हापासून चालूच आहे : इंग्रज त्याला तुर्कस्तानचा म्हणतात, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, आणि अरबीत तो ‘दीक रूमी’, म्हणजे रूमचा कोंबडा. जहांगीरने पाहिलेला पक्षी अर्थातच रुंद छातीचा नव्हता. ती जात व्हायला आणखी तीनशे वर्षे होती.

आता पत्राकडे. मोठ्या सुनेने आणलेली टर्की ‘काळ्या पिसांची, लांब तंगड्यांची’ होती असे त्यात लिहिले आहे. नुसत्या काळ्या पिसांवरून जात ठरत नाही, कारण रुंद छातीची ब्रॉन्झही असते. पण लांब तंगड्या आणि थोडा सीना हे दोन्ही धरले तर ती गावरान वळणाची होती असे मानायला हरकत नाही. तिच्यात गोश्त कमी निघणारच होते. सीन्यावर बोट ठेवून पाहिले असते तर मधले हाड धारेसारखे लागले असते.

गोश्त किती याचा हिशेब इथे झाला. ते रसाळ का कोरडे, याची कथा वेगळी आहे, आणि ती पाण्याची आहे. कच्च्या गोश्तात चारांपैकी तीन भाग पाणीच असते. ते गोश्ताच्या धाग्यांत धरलेले असते, आणि ही पकड किती घट्ट हे पक्ष्याच्या शेवटच्या काही तासांत ठरते. जबह झाल्यावर धाग्यांतली साठलेली साखर हळूहळू आंबट होत जाते, म्हणजे तिचे आम्ल बनते. शांतपणे आणि थंड होत होत हे झाले तर ठीक. पण टर्की उन्हात गाडीतून आणलेली असेल, पकडताना झटापट झाली असेल, भीतीने फडफडली असेल, तर हे आम्ल फार भराभर बनते, आणि तेही अंग अजून ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असताना. गरम अंगात आम्ल वाढले की पाणी धरून ठेवणारी प्रथिनेच बिघडतात. असे गोश्त फिकट, लिबलिबीत दिसते, पिशवीत पाणी सोडते, आणि भाजल्यावर कापसासारखे कोरडे होते. टर्कीत हा दोष चांगलाच माहितीचा आहे. पक्षी-उद्योग त्यावर बरीच वर्षे डोके लढवतो आहे. उलट पक्षी फार वेळ उपाशी आणि थकलेला असेल तर साखर आधीच संपलेली असते, आम्ल पुरेसे बनत नाही. गोश्त काळपट होते, पाणी धरते, पण लवकर खराब होते.

छुरी धारदार असावी आणि जनावराला आराम द्यावा ही प्रेषितांची (स.) ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ताकिदीचे कारण दया आहे, गोश्ताची चव नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण दुकान निवडताना पक्षी कसे ठेवले आहेत, पाणी आहे का, पाय धरून आपटत तर नाहीत ना, हे पाहायला आपल्याला दुहेरी कारण आहे एवढेच म्हणतो. यंत्राने केलेल्या जबहच्या वादात इथे शिरत नाही. तो आलिम मंडळींचा विषय.

ताजेपणाचा जो मोठेपणा पत्रात दिसतो, त्याबद्दलही थोडे बोलायला हवे. जबह झाल्यावर काही तास स्नायू ताठ होतात. या ताठरपणातच पक्षी चुलीवर चढवला तर गोश्त चिवट राहते. कोंबडी लहान आणि कोवळी असते, आपण तिचे तुकडे करून सालन करतो, म्हणून फारसे जाणवत नाही. सहा किलोंच्या, सहा-सात महिन्यांच्या टर्कीत चांगलेच जाणवते. ताजी टर्की आणली तर किमान एक रात्र, जमल्यास पूर्ण एक दिवस फ्रीजमध्ये ठेवावी. मोठ्या सुनेने सकाळी आणली आणि संध्याकाळी वाढली. त्या ठिकाणी आम्ही असतो तरी गोश्त चिवटच झाले असते.

धाकटीची टर्की रसाळ का झाली? एक कारण जातीचे. दुसरे तिच्या पाकिटावर छापलेले असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत कापलेले पक्षी बहुतेक बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून थंड करतात, त्यात ते थोडे पाणी पितात. किती टक्के पाणी राहिले हे लेबलवर सांगावे लागते, असा तिथला नियम २००३ पासून लागू आहे. हवेने थंड केलेल्या पक्ष्यात हे पाणी नसते. याशिवाय पुष्कळ टर्कींत मीठ-पाण्याचे द्रावण सुईने टोचून भरलेले असते. काही पाकिटांवर ८ टक्क्यांपर्यंत द्रावण असल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले सापडेल. मिठामुळे गोश्त पाणी जास्त धरते, म्हणून अशी टर्की जास्त भाजली गेली तरी निभावते. पण पैसे पाण्याचेही मोजलेले असतात आणि चव थोडी पातळ होते. आम्हाला विचाराल तर द्रावण भरलेली टर्की घेण्यापेक्षा साधी घेऊन घरी मीठ लावावे. द्रावणात रस्सा किंवा ‘फ्लेवर’ लिहिलेले असेल तर तो रस्सा कशाचा, हेही पाहावे लागते. हलालचा दाखला द्रावणासकट असला पाहिजे.

घरी मीठ लावणे सोपे आहे. दर किलोला ८ ते १० ग्रॅम मीठ, आतून-बाहेरून, सीन्याला जरा जास्त, आणि एक ते दोन दिवस फ्रीजमध्ये उघडी. पहिल्यांदा पाणी सुटते, मग तेच खारट पाणी परत आत जाते. ज्या टर्कीत द्रावण आधीच भरलेले आहे तिला हे करू नये, खारट होईल. मसाल्याने मात्र गोश्त रसाळ होत नाही. हळद, मिरची, आले-लसूण हे वरच्या पापुद्र्यातच राहतात. लिंबू आणि व्हिनेगर रात्रभर लावले तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि आतला तसाच राहतो.

गोठलेल्या टर्कीबद्दल फार लिहीत नाही. हळूहळू गोठली किंवा मध्ये वितळून पुन्हा गोठली की बर्फाचे मोठे खडे गोश्ताचे धागे फाडतात आणि वितळताना पाणी वाहून जाते. पिशवीत लालसर बर्फाचा थर साचलेला दिसला तर ती ठेवून द्यावी, दुसरी घ्यावी. वितळवायची तर फ्रीजमध्येच, दर चार-पाच पौंडांना २४ तास. १४ पौंडांची टर्की सोमवारी खाली काढली तर गुरुवारी भाजता येते.

आणि कातडे! पत्रातली ही ओळ वाचून आम्ही कपाळाला हात लावला : ‘दुकानदाराकडून सोलूनच घेतली होती, आपल्या रिवाजाप्रमाणे.’ आपल्याकडे चिकनवाला कातडे काढूनच देतो, आणि तुकड्यांच्या सालनाला ते ठीकच आहे. अख्खी भाजायच्या टर्कीचे कातडे काढणे म्हणजे तव्यावर झाकण न ठेवता भात शिजवण्यासारखे आहे. कातडे आणि त्याखालची चरबी गोश्ताचे पाणी कोंडून ठेवते. खायचे नसेल तर ताटात काढून टाका, पण ओव्हनमध्ये ते असू द्या. सोललेलीच मिळाली तर तेलात भिजवलेले जाड मलमल किंवा फॉइल सीन्यावर पसरावे.

ओव्हनमधली गोष्ट अशी की एका पक्ष्यात दोन स्वभाव असतात. सीन्याचे गोश्त पांढरे, चरबी कमी. ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पाणी भराभर सोडू लागते. रान सतत चालणारी, तिच्यात नसा आणि पांढरे पडदे जास्त. ते विरघळायला ७५ ते ८० अंश आणि वेळ लागतो. अमेरिकेच्या शेती खात्याचा सुरक्षिततेचा आकडा ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट आहे. तो सीन्याच्या जाड भागात, रानेच्या आणि पंखाच्या आतल्या बाजूला मोजायचा. तो आकडा आला की बस. पुढचे प्रत्येक दहा अंश म्हणजे सीन्यातून पाणी पिळणे. पौंडाला इतकी मिनिटे या तक्त्यावर विसंबू नये, कारण जाड सीन्याची आणि अरुंद सीन्याची टर्की सारख्या वजनाची असली तरी सारख्या वेळात होत नाही. अरुंद सीना तासाच्या हिशेबात कधीच वाळून जातो. काही टर्कींत एक प्लास्टिकची खुंटी आधीच खोचलेली येते, ती वर उडाली की झाले म्हणतात. पण ती बहुतेकदा उशिरा उडते. डॉलर खर्चून मांसाचा थर्मामीटर आणावा. पोटात खिमा-भात ठासून भरण्याचा शौक असेल तर भरण वेगळ्या भांड्यात शिजवावे, कारण भरणाच्या मध्यापर्यंत ७४ अंश पोचेपर्यंत सीन्याचा चोथा होतो.

आम्हाला स्वतःला अख्खी टर्की भाजण्यापेक्षा कसायाकडून तिचे भाग करून घेणे जास्त पटते. रान वेगळी, सीना वेगळा. गावरान वळणाच्या टर्कीची रान तर भाजूच नये; कांदा, दही आणि गरम मसाल्यात मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवली तर हाडावरून आपोआप सुटते, आणि त्या चवीपुढे सुपरमार्केटच्या टर्कीचे काही चालत नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी पुढच्या वेळी मोठ्या सुनेकडून हेच करवून घ्यावे.

उरलेले गोश्त दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, आणि तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. हाडे, मान आणि सांगाडा फेकू नका. आले, लसूण, मिरी, दालचिनी घालून तीन तास उकळले की तीन-साडेतीन लिटर यखनी होते, तिचा पुलाव करा. सीना कोरडा झालेला असेल तर त्याचे तुकडे यखनीत उकळू नका, आणखी वाळतील. आडव्या धाग्यांनी बारीक कापून, थोड्या गरम यखनीत बुडवून ठेवा आणि पुलाव दमावर ठेवताना वरून पसरा.